किनाऱ्याची एक दिवसाची वाट: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रकल्प ठरला. दोन भूशिरांमधला किनारा एका दिवसात पायी चालायचा आणि पुढे कुणालाही तो चालता यावा म्हणून एका पानाची वाटपत्रिका करायची. अंतर, भरती-ओहोटी, प्यायचं पाणी, सावली, चढ, खाडी ओलांडायची जागा हे त्यात येईलच. त्याशिवाय मला आणखी एक रकाना हवा आहे: वाटेत भेटलेल्यांनी सांगितलेलं. आजवर किनाऱ्यावर जी माहिती खरोखर कामी आली, ती कुणीतरी वाळूत बोटाने रेघ ओढून दिलेली होती. तो रकाना नसलेली पत्रिका मला अपुरी वाटते.

आज नकाशावर अंतर मोजत बसले. टोकापासून टोकापर्यंत सरळ पट्टी लावली तर अकरा किलोमीटर. दोरा किनाऱ्याच्या वळणांवरून फिरवला तर चौदा. उपग्रहाच्या चित्रावर जवळ जाऊन प्रत्येक खडकाला वळसा घातला तर सतराच्या वर. यात कुठलंच माप खोटं नाही. मोजायची पट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब होत जातो, हे लुइस फ्राय रिचर्डसन यांनी नोंदवलं होतं आणि बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन ते जगासमोर मांडलं. चालणाऱ्याची पट्टी म्हणजे त्याचं पाऊल. म्हणून सतरा धरते, वर थोडी फेऱ्याफेऱ्यांची भर.

वेळेचा अंदाज त्याहून अवघड. ओल्या घट्ट वाळूवर ताशी चार किलोमीटर सहज होतात. कोरड्या वाळूत पाय रुततो, आणि ती दमणूक मनाची नसते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाळूत चालायला टणक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते असं दिसलं होतं. त्यामुळे वाट कुठून काढायची याचं उत्तर शेवटी पाणी किती खाली गेलेलं आहे यावरच येऊन थांबतं. पुढचं काम: तारीख.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पौर्णिमा, आणि या वर्षातली पृथ्वीला सगळ्यात जवळची. येत्या दोन-तीन दिवसांत मोठं उधाण येईल. पहिला विचार असा येतो की हाच मुहूर्त बरा, कारण ओहोटीला पाणी खूप मागे जाईल आणि पुळण रुंद मिळेल. मी तो सोडला. ज्या दिवशी पाणी खूप खाली जातं त्याच दिवशी ते खूप वरही चढतं, आणि एवढं पाणी तेवढ्याच सहा तासांत आत-बाहेर व्हायचं म्हणजे खाडीच्या मुखाशी ओढ जबरदस्त. एकट्या माणसासाठी आणि पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी तो दिवस नव्हे.

२० तारखेची अमावास्या पाहिली. तेव्हा चंद्र पृथ्वीपासून लांबच्या टप्प्यावर आहे, म्हणजे उधाण येईल पण बेताचं. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी पाण्याची झेप सगळ्यात मोठी असते. शनिवार, २२ नोव्हेंबर. भरती-ओहोटीच्या कोष्टकात आमच्या टापूची ओहोटी दुपारी १२.४० ला पूर्ण होते. सकाळभर पाणी उतरत जाईल, म्हणजे वाळू माझ्यासमोर उघडत जाईल, आणि खाडी दुपारच्या आसपास गाठता येईल. तारीख पक्की.

कोष्टकाशिवायही हा हिशोब करता येतो आणि पत्रिकेत तो द्यायलाच हवा. एकदा एखाद्या अमावास्येची किंवा पौर्णिमेची वेळ पाहून ठेवली की पुढे दर तिथीला साधारण पाऊण तास पुढे सरकायचं. खरा फरक दिवसाला पन्नास मिनिटांच्या आसपास, पण तोंडी हिशोबाला पाऊण तास पुरतो. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे हे चालतं.

पाणी एकसारख्या गतीने उतरत नाही, हेही लिहायचं. ओहोटीचे सहा तास धरले तर एकूण उताराचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. भरतीलाही तसंच. ‘अजून तर फारसं चढलं नाही’ असं वाटणारा पहिला तास म्हणूनच फसवा.

९ नोव्हेंबर, रविवार

माणसांच्या रकान्याचं काम. वाटेत कुणाशी बोलायचं ते ठरवून होत नाही, पण आपण आधी बोलायचं की समोरच्याची वाट पाहायची, एवढं तरी ठरवता येतं. मी आधी बोलायचं ठरवलं आहे.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली शिकागोच्या लोकल प्रवाशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना एकटं बसायला, काहींना नेहमीसारखं. लोकांचा अंदाज असा होता की बोलावं लागलं तर प्रवास कंटाळवाणा होईल. झालं उलट: बोललेल्यांचा प्रवास सगळ्यात छान गेला. २०१८ साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नुकत्याच भेटलेल्या माणसाशी गप्पा झाल्यावर, त्याला आपण किती आवडलो याचा अंदाज आपण खऱ्यापेक्षा कमीच लावतो. दोघंही तसंच समजत असतात, आणि दोघंही थोडे मागे राहतात.

पण गाडीतला शेजारी आणि किनाऱ्यावरचा माणूस यांत मला फरक वाटतो. गाडीत बोलायला विषय शोधावा लागतो. किनाऱ्यावर विषय दोघांच्याही समोर पसरलेला असतो. पाणी कुठवर आलंय, वारा कुठून आहे, तिथे पलीकडे काय दिसतंय. दोघंही एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेला पाहत उभे राहू शकतात, आणि लाजऱ्या माणसाला याहून मोठी सोय नाही. शिवाय दोघांचं वेळापत्रक एकच: ओहोटी.

नियम ठरवले. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. माहिती लिहून घेण्याआधी परवानगी घ्यायची. ज्याला बोलायचं नसेल त्याला त्याचा किनारा मोकळा सोडायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

सामान: तीन लिटर पाणी, टोपी, काठी, शिट्टी, पट्ट्याच्या चपला ज्या पाण्यात पायातून निसटत नाहीत, फोन पाणबंद पिशवीत, कोष्टकाची कागदी प्रत. पेन्सिल, पेनची शाई ओल्या कागदावर पसरते. कुठून निघते आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे घरी लिहून दिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

*सकाळी ८.१०.* सुरुवातीच्या टोकाशी. पाणी उतरायला लागून दीड तास झालाय. भरतीरेषा दोन पदरी आहे: वरची कोरडी, कुरकुरीत, आधीच्या मोठ्या उधाणाची, खालची ओली, आज पहाटेची. दोन्हींत जवळजवळ दहा पावलांचं अंतर. त्या पौर्णिमेला पाणी कुठवर आलं होतं ते वाळूनेच लिहून ठेवलंय.

*८.३०.* होडीच्या सावलीत एक काका जाळ्याची फाटलेली घरं सांधत बसले होते. मी म्हटलं, “काका, आज वारा ठीक राहील ना?” त्यांनी आभाळाकडे न पाहता माझ्या चपलांकडे पाहिलं. “कुठवर जायचंय ताई?” पलीकडचं भूशिर दाखवलं. “म्हणजे खाडी ओलांडणार.” सुई खाली ठेवली, आणि आता खरं बोलणं सुरू झालं.

मी त्यांना १२.४० सांगितलं. ते म्हणाले, वेळ बरोबर आहे, पण ती समुद्राची. “खाडीला ते कळायला उशीर लागतो. बाहेर पाणी थांबलं तरी आतलं पाणी अर्धा-पाऊण तास बाहेर येतच राहतं. तुम्ही बाराला जाऊन उभ्या राहाल तर पाणी कमी दिसेल, पण ओढ असेल. एकच्या पुढे जा. आणि मुखाशी नको.” मग त्यांनी वाळूत खाडी काढली. या उधाणात वाळूचा दांडा उत्तरेच्या अंगाने पुढे आलाय, त्यामुळे मुख आवळलंय आणि खोल झालंय. तिथून आत, दोन वळणं सोडून, पात्र पसरट आहे. “लांब दिसतं म्हणून माणसं तिकडे जात नाहीत. पण पाणी तिथे मांडीच्या खाली.”

हे माझ्या कुठल्याच कागदात नव्हतं, आणि असणारही नाही. कोष्टक खुल्या समुद्राकाठच्या एका ठिकाणासाठी, चंद्र-सूर्याच्या हिशोबाने, कितीतरी आधी तयार होतं. खाडीच्या अरुंद वाटेतून पाणी निघायला लागणारा वेळ त्यात नाही, वारा नाही, हवेचा दाबही नाही. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, म्हणजे वादळी हवेत कोष्टकापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर जास्त पाणी सहज असू शकतं. आणि वाळूचा दांडा पंधरा दिवसांपूर्वी कुठे होता आणि आज कुठे आहे, हे फक्त रोज तिथून होडी काढणाऱ्याला माहीत. लिहून घेऊ का विचारलं. “लिहा. पण तारीख घाला. पुढच्या महिन्यात मला शिव्या नकोत.”

पत्रिकेच्या रकान्याला तारीख हवी, ही सूचना त्यांची. मी ती जशीच्या तशी घेतली आहे.

*९.२०.* घट्ट वाळू. पाऊल टाकलं की भोवती क्षणभर फिकट कोरडं वर्तुळ उमटतं आणि पाय उचलला की ठशात पाणी भरतं. दाबल्यावर कणांची घट्ट मांडणी विस्कटते, मधल्या फटी वाढतात, वरचं पाणी त्यांत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली याचं स्पष्टीकरण दिलं. चालणाऱ्याला याचा सरळ उपयोग: जिथे हे वर्तुळ उमटतं ती वाळू भार घेते. जिथे पाऊल नुसतं आत जातं आणि भोवतालची वाळू चकाकत थरथरते, तिथून वळायचं.

*१०.००.* पुढे पुळणीवर दुर्बीण तिकाटण्यावर लावून एक बाई उभी. लांबूनच तिने हात आडवा करून मला थांबवलं, मग गोल फिरून वरच्या अंगाने यायची खूण केली. तिच्या पुढे वाळूच्या रंगाचेच पक्षी बसलेले होते. हलेपर्यंत मला एकही दिसला नव्हता. जवळ गेल्यावर तिने आधी आभार मानले. सकाळपासून दोनदा कुणीतरी मधून गेलं होतं आणि थवा उठला होता.

तिचं म्हणणं मला आता प्रत्येक चालणाऱ्याला सांगावंसं वाटतं. या पक्ष्यांचं खाणं ओलसर उघड्या वाळूत. ती उघडी असते तेवढेच तास त्यांचे. भरतीला ते वर येऊन नुसते थांबतात, ताकद राखतात. आपण मधून गेलो की ते उडतात, आपल्याला वाटतं काय सुंदर उडाले, आणि त्यांची साठवलेली ताकद खर्ची पडते. “सगळ्यांनी एकदम मान वर केली की समजायचं, आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबायचं, मग मागे.”

तिने दुर्बिणीतून पाहू दिलं. लांब, किंचित वर वळलेल्या चोचीचे काही गॉडविट होते. ती म्हणाली, यांचेच भाईबंद बघ किती जातात. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, अलास्काहून निघून टास्मानियाला उतरलं. तेरा हजार पाचशे साठ किलोमीटर, अकरा दिवस, कुठेही न थांबता. पाठीवरच्या छोट्या उपकरणामुळे ते कळलं. हे सांगताना तिचा आवाज हळू झाला होता, पक्ष्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नव्हे. मी पुष्कळ वेळ डोळा लावून उभी होते. वेळापत्रकात वीस मिनिटं मागे. ती वीस मिनिटं पत्रिकेतही कायमची धरायची ठरवली.

*१०.५०.* भरतीरेषेशी एक लहान मुलगी आणि तिची आई. मुलीच्या ओंजळीत शिंपले, आणि प्रत्येकाला वरच्या टोकाशी बारीक गोल भोक. माळ करायची होती. “ही भोकं मी नाही पाडली,” तिने आधीच सांगून टाकलं. कुणी पाडली असतील, विचारलं. समुद्राने, ती म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं: खरंच, कुणी?

हे मला माहीत होतं आणि सांगताना फार आनंद झाला. मून स्नेल नावाची समुद्रातली गोगलगाय वाळूखाली शिंपल्याला आपल्या मऊ पायाने धरून ठेवते, आम्लाने कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने तासन्‌तास खरवडत भोक पाडते. म्हणून भोकाची कड बाहेरून रुंद, आतून अरुंद असते. लाटेने झिजून पडलेलं भोक असं नीट नसतं. मुलीने लगेच सगळे शिंपले पालथे करून तपासले आणि दोन बाजूला काढले. “हे समुद्राचे.” मग ती मला ओढत खाली घेऊन गेली. ओल्या वाळूत राखाडी, लवचिक, कॉलरसारखी गुंडाळी पडली होती. कुणी टाकलेला रबराचा तुकडा असावा असं तिला वाटत होतं. ती त्याच गोगलगाईची अंडी, वाळू आणि चिकट द्रवात बसवलेली. दोघींनी मिळून ती होती तशी पुन्हा ओल्यात ठेवली.

आई म्हणाली, आम्ही दर आठवड्याला येतो आणि या गुंडाळ्या आजवर कचऱ्याच्या पिशवीत घालत होतो. हेही पत्रिकेत. चित्रासह.

*११.४०.* समोरून दोघं तरुण, माझ्या उलट दिशेने निघालेले. लांबूनच एकमेकांना ओळखलं. पाठीवर पिशवी आणि गुडघ्यापर्यंत मीठ सुकलेलं. असं भेटणं हा या वाटेवरचा सगळ्यात न्याय्य व्यवहार: माझं पुढचं ते त्यांचं मागचं. त्यांनी शेवटच्या भूशिराखालचा कातळ सांगितला. हिरवं शेवाळ आहे तिथे पाय ठेवायचा नाही, काळा खडबडीत भाग धरायचा, आणि साडेतीनच्या आत पार व्हायचं, नंतर लाटा पायथ्याला लागतात. मी त्यांना पक्षी सांगितले, बाईंची खूण सांगितली, गोल फिरून जा म्हटलं. खाडीबद्दल विचारलं तर ते अकराच्या आधीच मुखाशी ओलांडून आले होते, छातीपर्यंत पाणी होतं आणि एकाचा पाय सुटला होता. सांगताना आवाज साधा होता, पण दुसऱ्याचा हात पहिल्याच्या पिशवीच्या पट्ट्यावरून हलत नव्हता. काकांची रेघ त्यांनाही वाळूत काढून दाखवली. परत कधी आलात तर.

*१२.३०.* खाडी. मुखाशी पाणी खरंच कमी दिसतं आणि खरंच ओढतं. काठी टेकली तर थरथरते. आतल्या अंगाला चालत गेले. एक म्हातारे गृहस्थ खडकावर बसले होते, शेजारी कुत्रा. मी हात जोडले, त्यांनी मान हलवली आणि थोडं सरकून सावलीत जागा केली. एवढंच. आम्ही तिघं पाण्याकडे पाहत बसलो. एक शब्द झाला नाही आणि तो लागलाही नाही. शिकागोच्या प्रयोगात या प्रकारच्या सोबतीला रकाना होता की नाही माहीत नाही. माझ्या पत्रिकेत मी तो ठेवणार नाही, कारण तो लिहून कुणाच्या उपयोगी पडणारा नाही. पण दिवसातला तो एक चांगला तास होता.

*१.१५.* पाण्यावरचा पाचोळा जवळजवळ थांबला. मी उठले तसे तेही उठले आणि काठापर्यंत आले. पिशवीचा पोटपट्टा सोडला, म्हणजे पडलेच तर पिशवी सोडता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, पाय न उचलता सरकवत. पाणी मांडीच्या खाली, काकांनी सांगितलं तसं. पलीकडे पोचून मागे पाहिलं तेव्हाच ते वळले. माझं ओलांडून होईपर्यंत ते तिथे उभे होते.

*२.००.* ऊन तापलं. कोरड्या वाळूचा पट्टा. पुढे एक ताई गोणी घेऊन वाकत-वाकत चाललेल्या. “काही हवंय का शोधायला?” “हवं ते नाही, नको ते,” त्या म्हणाल्या. प्लास्टिक वेचत होत्या. अर्ध्या तासाची वाट दोघींनी मिळून केली, म्हणजे मीही वाकायला लागले. वरच्या भरतीरेषेत मोहरीपेक्षा थोडे मोठे, अर्धपारदर्शक गोळे. मला मासोळीची अंडी वाटली असती. त्या म्हणाल्या, नर्डल. प्लास्टिकच्या वस्तू करायला हाच कच्चा माल कारखान्यांत जातो. वाहतुकीत सांडतो आणि वापरात येण्याआधीच समुद्रात पोचतो. पक्षी आणि मासे तो खाणं समजून गिळतात.

त्या नुसतं गोळा करत नव्हत्या, लिहूनही ठेवत होत्या: दोरखंडाचे तुकडे किती, झाकणं किती. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा यांनी स्वयंसेवकांना घेऊन अशीच प्रत्येक वस्तूची नोंद करायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे जगभरची किनारा सफाई उभी राहिली. “उचललं तर एक दिवस स्वच्छ. लिहिलं तर कळतं येतं कुठून,” असं त्या म्हणाल्या. त्यांच्या वहीत पाण्याची स्थितीही होती, भरती की ओहोटी, उधाण की भांग (अष्टमीच्या सुमाराची, कमी झेपेची भरती). मी माझी वही दाखवली. दोघींचे रकाने इतके जुळले की आम्ही वाळूतच बसलो आणि एकमेकींचे उतरवून घेतले.

*३.०५.* शेवटचा कातळ. काळा खडबडीत भाग धरून गेले. शेवाळावर पाय ठेवायचा मोह होतो, तो सपाट दिसतो. पायथ्याशी पाणी यायला लागलं होतं, पण वाट मोकळी होती. ३.३५ ला पलीकडच्या पुळणीवर. घरी फोन केला.

परतीच्या गाडीला दीड तास होता. गाडीतळाजवळ एक कुटुंब निघायच्या तयारीत होतं. त्यांच्या आजींनी माझे पाय पाहिले आणि मुलाला म्हणाल्या, “आधी हिला पाणी दे, मग विचार कुठे जायचंय.” त्यांनी मला सुरुवातीच्या टोकाशी सोडलं. वाटेत आजींनी सगळा दिवस क्रमाने ऐकला. बोलण्यात काकांचा भाग आला तेव्हा म्हणाल्या, आमच्याकडे पूर्वी कुणी खाडीला निघालं की गावातलं कुणीतरी काठापर्यंत जायचंच. त्या मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल मी तोवर काही बोललेच नव्हते.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाय जड, डोकं स्वच्छ. वहीतलं सगळं नकाशावर चढवलं. मोजणीत अठरा किलोमीटर निघाले.

रकाने भरताना काल न सुचलेलं दिसलं. काकांची माहिती तरुणांना हवी होती, त्यांना ती वेळेत मिळाली नाही कारण ते उलट टोकाने निघाले. पक्ष्यांची माहिती दिवसभर तिथे उभ्या राहणाऱ्या बाईंकडे. त्या दोघांना ती माझ्याकडून मिळाली. गुंडाळ्यांची माहिती त्या आईपर्यंत आली नव्हती, आणि प्लास्टिक वेचणाऱ्या ताईंनाही तीच सांगायला हवी होती, कारण गोणीत त्याही जाऊ शकतात. मी ती सांगितली नाही, त्या वेळी विषय नर्डलचा होता. एकाच पुळणीवर, एकाच ओहोटीत, एकमेकांच्या उपयोगाचं जाणणारी माणसं दोन-दोन किलोमीटरवर उभी. त्यांच्यामधून दिवसभर सरकणारा एकच जण: चालणारा. तेव्हा पत्रिकेचं काम फक्त वाट दाखवणं नाही. चालणाऱ्याने मागचं पुढे न्यायचं, हे तिच्यात स्पष्ट लिहायला हवं.

त्यासाठी पत्रिकेच्या मागच्या पानावर कोरी जागा: कुणी सांगितलं (नाव नको; जाळी सांधणारे, पक्षी मोजणाऱ्या, एवढंच), काय सांगितलं, तारीख, पाणी भरतं होतं की उतरतं, आणि पुढे कुणाला सांगितलं. शेवटचा रकाना नवा.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला मसुदा पुरा. खाडीचा भाग पुन्हा लिहिला. ‘ओहोटीला ओलांडावी’ हे वाक्य काढून टाकलं. त्याने माणूस कोष्टकातली वेळ धरून मुखाशी उभा राहील. आता असं आहे: कोष्टकातल्या ओहोटीनंतर किमान अर्धा तास थांबा, मुख टाळा, आतला पसरट भाग धरा, आणि आधी काठावर कुणी असेल त्याला विचारा. विचारायला कुणीच नसेल आणि पाणी गुडघ्याच्या वर ओढ घेत असेल, तर परत फिरा. दांड्याची जागा नकाशावर छापणार नाही. ती २२ नोव्हेंबरची आहे.

मसुदा घेऊन सुरुवातीच्या टोकाशी गेले. काका होडीपाशी होते. त्यांनी खाडीचा भाग मला मोठ्याने वाचायला लावला, मग ‘अर्धा तास’ खोडून ‘पाऊण तास’ करायला सांगितलं. अनोळखी माणसासाठी सैल वेळ बरी, म्हणाले. केलं. दांडा पुन्हा थोडा सरकलाय, तेही लिहिलं, आजच्या तारखेने.

बाकी कामं: गुंडाळीचं चित्र, पक्ष्यांसाठी वळसा कुठून घ्यायचा त्याची खूण, प्लास्टिक वेचणाऱ्या ताईंना निरोप, पुढच्या वेळी भेट झाली तर. पुढची चाल २१ डिसेंबर, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटी बाराच्या सुमारास. उलट दिशेने निघणार. त्या टोकाकडून येणाऱ्याला खाडी सकाळी लवकर लागते, आणि तिथे थांबायला सावली कुठे आहे ते अजून नोंदवायचं आहे.